कापलेली दुपार

वच्छे, तुझी तेरवी परवा झाली. वांग्याच्या भाजीत मीठ जास्त पडलं होतं आणि पंगतीतले सगळे माना डोलावून जेवले, कारण भाजी मी केली होती आणि निवृत्त झाली तरी मास्तरणीच्या हातच्या भाजीला नावं कोण ठेवणार. तू असतीस तर पहिल्याच घासाला म्हणाली असतीस, "बाई, डबा उलटला का हातातून?" आपण दोघी जावा. मी थोरली, तू धाकटी. पण मला तोंडावर खरं सांगायची हिंमत या घरात फक्त तुझ्यात होती. तीही तू जपून वापरलीस. इतकी जपून, की मला सगळ्यात जास्त लागली असती ती गोष्ट तू तीसेक वर्षं माझ्यापासून लपवलीस. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती मला एका बिस्किटाच्या डब्यात सापडली.

तेच सांगायला बसलेय. पण त्याआधी जरा त्या बाईबद्दल बोलू दे, म्हणजे थोडं हसून घेता येईल.

ती बाई म्हणजे तेव्हाची मी. वय तेहतीस, दारव्ह्याच्या शाळेत नोकरी. कडक खळीचं पातळ, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत पर्स. पर्समध्ये लाल पेन, खडूचे तुकडे आणि कागदी फुलं कापायची कात्री. राळेगावच्या पुढे एसटीतून आपल्या गावच्या फाट्यावर उतरतानाच तिला वाटायचं, चला, आता इथं जरा उजेड पडेल. मग पोरांची नखं बघ, चुलीपाशी बसलेल्या बायांना जीवनसत्त्वं समजावून सांग, सासूबाईंच्या बोलण्यातलं 'मले-तुले' सुधार. फळ्यावरच्या तारखेसारखी होती ती. सगळ्यांच्या वर, ठळक, आणि दुसऱ्या दिवशी चुकीची.

तुझी सुमी चार वर्षांची असताना या बाईनं निकाल दिला. पोरगी उशिरा बसली, उशिरा चालली, बोलणं 'माय'वर अडलेलं. बाई म्हणाली, "मतिमंद आहे गं. स्वीकार आता, आशा ठेवू नकोस." तू भाकर थापत होतीस. वर न बघता म्हणालीस, "ते असंन बाई. पण तिले आइकू बी कमी येते. थाळी वाजवली का वळते, नाव घेतलं का वळत नाही."

मी हसले होते. कान आणि बुद्धी यांचा काय संबंध, असं काहीतरी म्हणालेही असेन. तू पुढच्याच आठवड्यात तिला कडेवर घेऊन यवतमाळला गेलीस. दोन्ही कानांत पू होता. चार-पाच महिने थेंब घातलेस आणि पोरगी नावाला वळायला लागली. मंदपणा गेला नाही, तो जाणारा नव्हताच. पण अर्धी अडचण कानात होती आणि ती तुला थाळी वाजवून कळली. मला बी.एड. करून कळली नाही.

मग मी बुद्धिवर्धक चूर्ण आणलं. बाजारातून, डब्यावर चष्मेवाल्या पोराचं चित्र असलेलं. वर्षभरानं मोठ्या अधिकारानं विचारलं, "काय, पडला का फरक?"

"हाव नं बाई. लय फरक पडला. ढवळ्या आता हाक मारायच्या आधीच गोठ्यात जाऊन उभा राह्यते."

बैलाला घालत होतीस तू ते! मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. आणि सुमीला फिटा यायच्या, त्यावर डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या मात्र, घरात धड चालणारं घड्याळ नसताना, तू एसटीवर लावून दिल्या होत्यास. सकाळची गाडी फाट्यावर वाजली की एक, संध्याकाळची वाजली की दुसरी. गाडी बंद पडायची, तुझी गोळी चुकायची नाही.

आता दोरी.

कापूस वेचायला तू शेतात गेलीस की सुमी उंबऱ्यावर डोकं आपटायची. माय दिसेनाशी झाली म्हणजे माय संपली, एवढंच तिला कळायचं. 'संध्याकाळी येते' हे शब्द तिच्या हाताला लागत नव्हते. म्हणून तू वसरीच्या दोन खांबांना सुतळी बांधलीस आणि तिला वस्तू लटकवल्यास. कडुनिंबाची काडी म्हणजे दात घासणं. करवंटी म्हणजे आंघोळ. फुटका कंगवा म्हणजे वेणी. डब्याचं गोल झाकण म्हणजे भाकर. मग कापसाचं बोंड, माय शेतात गेली. चिंधीची बाहुली, आता आजीपाशी खेळायचं. आणि टोकाला तुझ्या लाल लुगड्याची पट्टी, म्हणजे माय आली. एकेक झालं की सुमी ती वस्तू सोडून टोपलीत टाकायची. पट्टी एकटी उरली की दारात जाऊन बसायची. आणि तू यायचीस. शेतात पाणी द्यायचं राहिलं, बाया थांबल्या, काहीही झालं तरी तू यायचीस, कारण दोरीवर तसं लटकवलेलं होतं.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मी विचारलं नव्हतं.

त्या संक्रांतीला मी हळदीकुंकवाला गावी आले. वेचणी थांबण्यासारखी नव्हती, म्हणून तू सकाळीच शेतात गेलेलीस, तिसऱ्या प्रहरी येणार होतीस. वसरीत बाया जमल्या आणि दोरीकडे, खालच्या टोपलीकडे बघून कुजबुजायला लागल्या. केस अडकलेला कंगवा, करवंटी, लाल चिंधी. "धाकटीनं काय बांधून ठेवलं हे?" "करणी तं नाही?" महिन्याभरापूर्वीच मी शाळेत अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं, टाळ्या पडल्या होत्या, आणि टाळ्यांची चटक फार वाईट. मी उभी राहिले. समोर दहा-अकरा बाया, सगळ्या माझ्या चुलत-मावस नात्यातल्या, आणि मी म्हणाले, "भगिनींनो!"

भगिनींनो, वच्छे! अजून आठवलं की पांघरूण तोंडावर ओढावंसं वाटतं.

पुढचं भाषण आठवत नाही. विज्ञान होतं त्यात, प्रकाश होता. शेवटी मी पर्समधून कात्री काढली आणि दोरी कापली.

सुमी तेव्हा सात वर्षांची. ती आधी ओरडली नाही. तिनं खाली पडलेली लाल पट्टी उचलली, जिथं दोरी होती तिथं हवेत धरली आणि सोडली. पट्टी खाली पडली. तिनं पुन्हा उचलली, पुन्हा तिथंच धरली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा पडल्यावर ती ओरडायला लागली. मी बायांना म्हणाले, "बघा, कशी सवय लागली होती पोरीला!"

तू कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन आलीस ती तो आवाज ऐकत. गाठोडं अंगणातच टाकलंस. दोरीकडे पाहिलंस, माझ्या हाताकडे पाहिलंस. मला वाटलं, आता ही भांडेल, आणि मी उत्तरं तयार ठेवली. तू एवढंच म्हणालीस, "बाई, दुपार कापली तुमी तिची."

मी ते वाक्य अडाणी समजले. दुपार कशी कापतात, कात्रीनं?

संध्याकाळच्या गाडीनं मी निघून गेले. नंतर सासूबाईंचं पत्र आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. सुमी वच्छीचा पदर सोडत नाही, परसात जाऊ देत नाही, रात्र रात्र झोपत नाही, बंद झालेल्या फिटा झोप नसल्यामुळं पुन्हा आल्यात, आणि पऱ्हाटीवरचा कापूस तसाच लोंबतोय. मी ते पत्र हातात लाल पेन घेऊन वाचलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करत. सवय! उत्तर पाठवलं नाही.

तू दुसरी सुतळी आणली नाहीस. तीच गाठ मारून बांधलीस. पहिल्या दिवशी तिच्यावर फक्त बोंड आणि पट्टी. सुमीकडून बोंड सोडवून विहिरीपर्यंत गेलीस आणि परत आलीस. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. मग मारुतीपर्यंत. मग शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत. मी दोन मिनिटांत केलेलं काम उलटं करायला तुला महिना लागला. त्या महिन्याबद्दल तू मला कधी ऐकवलं नाहीस. मला हे सगळं शेजारणींकडून कळलं, तेही बऱ्याच वर्षांनी.

आणि हो, ती कात्री. दारव्ह्याला पोचले तर पर्समध्ये नव्हती. मी वर्गातल्या दोन पोरींची दप्तरं सगळ्यांसमोर उपडी केली. त्या आता आज्या झाल्या असतील. त्यांचीही माफी राहिली.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, तेवढं मात्र मी सोडणार नाही. मी म्हणायचे, तिला शंभरपर्यंत अंक शिकव. तू म्हणायचीस, "घरात मानसं पाच. पाच भाकरी मोजल्या का झालं. शंभर भाकरी कोन थापते?" मी म्हणायचे, तू तिच्याकडून फार थोडं मागतेस. तू म्हणायचीस, "तुमी मांगता लय. पण तिले इचारता कुठी?" यात कोण बरोबर, ते मला आजही कळलेलं नाही. सुमी पस्तिशीत आल्यावर एसटीची पाटी वाचायला शिकली, 'राळेगाव' बोटानं दाखवायला लागली. तेव्हा मी विजयानं म्हणाले, "बघ, येतं की नाही? वय झालं म्हणून डोक्याची वाढ थांबते असं नाही." तू म्हणालीस, "आता तिले गाडीत बसाचं होतं. आधी बसाचंच नव्हतं." झालं. जिंकलेलं भांडणही तू माझ्या हातात राहू दिलं नाहीस.

पाच वर्षांपूर्वी माझी नात ओवी तीन वर्षांची झाली आणि बोलेना. हाक मारली तरी बघायची नाही, रोजचा रस्ता बदलला की रस्त्यावर लोळण. मुलगा-सून तिला यवतमाळच्या एका केंद्रात नेऊ लागले. एकदा मीही गेले. तिथल्या ताईनं आधी विचारलं, कान तपासले का? झोप किती? जेवताना हातात मोबाइल देता का? मी मान खाली घालून ऐकत होते. मग तिनं एक लांब पट्टी उलगडली. त्यावर चित्रं चिकटवलेली. ब्रश, बादली, ताट, दप्तर, आई. "आजी, हा ओवीचा दिवस. काम झालं की चित्र काढून डब्यात टाकायचं. पुढं काय येणार ते दिसलं की भीती कमी होते. भीती कमी झाली की डोकं शिकायला मोकळं होतं."

वच्छे, मी त्या पट्टीच्या टोकावरच्या आईच्या चित्राकडे बघत राहिले. साडी लाल होती.

ताईनं विचारलं, "आजी, तुम्ही हे आधी कुठं पाहिलंय का?" मी म्हणाले, "नाही."

बघ. त्या वयातही खोटं बोलले.

फोन करून दुसऱ्याच दिवशी मी तुझ्याकडे आले. माफी मागायला. एसटीत वाक्यं जुळवत आले होते, चांगली, लेखी. वसरीत शिरले आणि तू म्हणालीस, "या बाई! सुमे, पाय कोन आलं!" दोरीकडे बोट केलंस. भाकरीच्या झाकणाशेजारी खडूचा तुकडा लटकत होता. मी येणार असले की तू नेहमी तो लावायचीस. "तुमची खून हाय, बाई. मास्तरीन म्हनून खडू." आणि मी दरवेळी फुलून जायचे. त्या दिवशीही फुलले आणि जुळवलेली वाक्यं विसरले. तुझ्या लोणच्याची चौकशी केली. मग ओवीचं सांगितलं, आणि तू दुपारभर मला शिकवलंस. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. सांगून झालं की गप बसायचं, पोरीच्या डोक्याला पोचायला वेळ लागतो. आपल्याला घाई झाली की आपण दुसऱ्यांदा सांगतो आणि तिचं पहिलं पुसून टाकतो. मी वही काढून लिहून घेतलं. तू पदरात तोंड लपवून हसलीस, "बाई, तुमी माहं बोलनं लिवून राह्यल्या?"

शेवटी मी एवढंच विचारलं, "तुला हे कोणी शिकवलं गं?"

"कोन शिकवते? तिनंच."

निघताना पायरीवर मी थांबले. "वच्छे, ते त्या संक्रांतीचं..." तू लगेच म्हणालीस, "गाडी वाजली, बाई. पळा." गाडी वाजली नव्हती. फाट्यावर मी अर्धा तास उभी होते.

मग पुढची पाच वर्षं मी आठ-दहा वेळा आले, आणि दरवेळी काही ना काही निमित्त काढून बोलले नाही. आता तू नाहीस आणि माझ्याकडे वेळच वेळ आहे.

तू गेलीस तेव्हा बाया म्हणत होत्या, सुमीला शेजारी न्या, तिला काय कळते. मी तिला तुझ्याजवळ बसवलं. तिनं तुझ्या गालाला हात लावला. म्हणाली, "गार." कोणी म्हणे, तिला सांगा माय गावाला गेली. ओवीच्या ताईनं मला एकदा सांगितलं होतं, या मुलांना गोड खोटं सांगू नका, ती वाट बघत राहतात. म्हणून सुमीचा हात धरला आणि एकदाच बोलले, "माय मेली, सुमे. आता येणार नाही." मग गप बसले, तू शिकवलंस तशी. पोचायला वेळ दिला. बायांनी तोंडाला पदर लावले.

दोन दिवस दोरीवर लाल पट्टी तशीच होती. आम्ही सगळे सरण, पाहुणे, चहा यांत. दोरी रोज संध्याकाळी तू नव्यानं लावायचीस, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. चाळिशीची सुमी त्या एकट्या पट्टीखाली बसून होती. दिवसच नव्हता तिला.

तिसऱ्या दिवशी मी दोरी लावायला उठले. टोपलीतल्या वस्तू काढल्या, बांधल्या. सुमीनं पाहिलं, उठली, मी बांधलेला कंगवा काढून करवंटीनंतर लावला. मी क्रम चुकवला होता. पस्तीस वर्षं शिकवलं मी, आणि वेणी आंघोळीच्या आधी घातली. मग तिनं टोकाची लाल पट्टी सोडली. टोपलीत टाकली नाही. घडी केली आणि पोलक्यात ठेवली. पोचलं होतं तिला.

आता दोरीचं टोक रिकामं. सुमी आत गेली आणि तो बिस्किटाचा डबा घेऊन आली. त्यात माणसांच्या खुणा होत्या. तिच्या बापाचं बिडीचं रिकामं बंडल, सासूबाईंच्या जपमाळेचे चार मणी. दोघांनाही जाऊन वर्षं झाली. माझा खडूही होता. वच्छे, तो खडू कोरा करकरीत होता, दोऱ्याचा वळसुद्धा पुसट. आणि डब्याच्या तळाशी माझी कात्री.

तीच. मुठीवर माझ्या आद्याक्षराचा ओरखडा. पाती तू दोऱ्यानं इतकी घट्ट गुंडाळली होतीस की त्यांनी कधी काही कापू नये. आणि तिला टांगायची सुतळी, ती मात्र हाताळून हाताळून काळी झालेली.

मी शेजारच्या म्हातारीला विचारलं. ती चाचरली. मग म्हणाली, "पोट्टी तुमची खून म्हनून खडू घेतच नोती नं. वच्छीनं लय समजावलं. तिले कात्रीच पायजे. मंग तुमी गल्लीत दिसल्या का वच्छी धावत जाये, कात्री काढे आन खडू लावे."

तीस वर्षं, वच्छे. दरवेळी. मी गल्लीतून डौलात येतेय आणि तू आत धावतेस. सुमीला खरं ठेवू दिलंस आणि मला खोटं. दोघींना झेपेल ते. मी त्या खडूवर फुलायचे तेव्हा तुला हसू कसं आवरायचं गं?

सुमी कात्री घेऊन दोरीच्या टोकाशी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. विचारत होती. मला म्हणता आलं असतं, सुमे, खडू घे. मी होकारार्थी मान हलवली. तिनं माझी खूण टोकाला बांधली, जिथं तुझी होती तिथं.

माझा मुलगा म्हणतो, सुमीला एखाद्या चांगल्या आश्रमात ठेवू, तुझं वय झालं. मी त्याला म्हणाले, दारव्ह्याच्या घराला कुलूप लाव, किल्ली तुझ्याकडे ठेव. ओवीला सुट्टीत इकडे आण, आत्याकडून दोरी शिकेल. तो म्हणाला, "आई, तुला जमणार आहे का?" जमणार नाहीच. चुकेन, भाजी खारट होईल. पण गोळ्या एसटीवर लावल्यात, आणि गाडी आली नाही तर भिंतीवरच्या घड्याळावर. तू ते शेवटी दुरुस्त करून घेतलंच होतंस, हेही मला आताच कळलं.

आज पहिल्यांदा मी एकटी बाहेर पडले. बोंड तिच्याकडूनच सोडवून घेतलं आणि तुरीच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत गेले. खरं तर काम काही नव्हतं. धुऱ्यावर बसून ती जुनी वाक्यं तुला एकदा म्हणून दाखवली, मोठ्यानं. एक बगळा उडून गेला. मग ऊन उतरायच्या आत उठले, कारण दोरीवर तसं लटकवलेलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा सुमी दारात बसलेली दिसली. आत धावायला कोणी नव्हतं. मी वसरीत आले. ती उठली, दोरीशी गेली, गाठ सोडली आणि कात्री टोपलीत टाकली.

"मोठाई आली," म्हणाली, आणि भाकरीचं झाकण माझ्या हातात दिलं.